कोऱ्या डिस्कवर किती मिनिटं मावतात? बिटरेटचा पूर्ण हिशेब

कोऱ्या डीव्हीडीच्या पाकिटावर दोन आकडे छापलेले असतात: ४.७ जीबी आणि १२० मिनिटं. पहिला आकडा डिस्कची क्षमता सांगतो. दुसरा फक्त उदाहरण म्हणून दिलेला असतो, पण बहुतेक लोक त्यालाच मर्यादा समजतात. मग अडीच तासांचा कार्यक्रम उगाच दोन डिस्कवर तोडला जातो, आणि सव्वा तासाचं चित्रीकरण दोन तासांच्या सेटिंगवर टाकून चांगलं चित्र वाया घालवलं जातं. डिस्कला मिनिटं कळत नाहीत, तिला फक्त बाइट कळतात. एका मिनिटाला किती बाइट खर्च करायचे हे आपण ठरवतो, आणि त्या खर्चाच्या दराला बिटरेट म्हणतात.

हिशेब एकदा मुळापासून करून बघू. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ३,७६० कोटी बिट. व्हिडिओच्या जगात किलोबिट म्हणजे सरळ १,००० बिट, १,०२४ नव्हेत. तेव्हा डिस्कवर ३ कोटी ७६ लाख किलोबिट आहेत. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ५,२२२ किलोबिट येतात. पाकिटावरच्या १२० मिनिटांचा अर्थ एवढाच, की साधारण ५ मेगाबिटच्या दराने रेकॉर्ड केलं तर डिस्क दोन तास पुरेल. दर निम्मा केला तर चार तास पुरेल, दुप्पट केला तर एक तास.

पण हे ५,२२२ सगळे चित्राच्या वाट्याला येत नाहीत. डीव्हीडी-व्हिडिओच्या व्हीओबी फाइलमध्ये सगळा माल २,०४८ बाइटच्या पुड्या बांधून ठेवलेला असतो आणि प्रत्येक पुडीवर तिची स्वतःची हेडरं असतात. शिवाय दर अर्ध्या ते एका सेकंदाला एक नेव्हिगेशन पॅक येतो. पुढे-मागे पळवताना प्लेअर त्याच्याच आधाराने जागा शोधतो. हा बांधणीखर्च आणि डिस्कच्या कडेला सोडायची थोडी जागा मिळून मी सरसकट ४ टक्के बाजूला काढतो. उरतात ३ कोटी ६१ लाख किलोबिट. त्याला ६० ने भागलं की ६ लाख १ हजार ६०० येतात, आणि इथून एक फार सोयीचं सूत्र निघतं: ६ लाख भागिले एकूण मिनिटं, की मिळाला एकूण बिटरेट किलोबिटमध्ये. कॅल्क्युलेटरही लागत नाही. १५० मिनिटं असतील तर ४,०००. २०० मिनिटं असतील तर ३,०००.

या एकूण दरातून आधी आवाज वजा करायचा. स्टिरिओ एसी-३ (म्हणजे डॉल्बी डिजिटल, कॉम्प्रेस केलेला) आवाज १९२ किलोबिटवर ठेवला तर १५० मिनिटांच्या कार्यक्रमाला चित्रासाठी ३,८०० उरतात. ९० मिनिटांना साधारण ६,४५०, १२० मिनिटांना ४,८००, तीन तासांना ३,१५० आणि चार तासांना २,३००. सबटायटल काही किलोबिटमध्ये भागतात, त्यांची चिंता नको. दुसऱ्या भाषेचा आवाज मात्र आणखी १९२ खातो, तो विसरू नका.

आवाजाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. काही ऑथरिंग, म्हणजे मेनू-चॅप्टरसह डीव्हीडी बांधणारी, सॉफ्टवेअर आवाज मुळात पीसीएममध्ये, म्हणजे कॉम्प्रेस न करता ठेवतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ पीसीएमला सेकंदाला १,५३६ किलोबिट लागतात, एसी-३ च्या आठपट. चित्राचा दर ४,८०० च ठेवून आवाज पीसीएम केला तर दोन तासांची डिस्क जेमतेम ९५ मिनिटांवर येते. पंचवीस मिनिटं नुसत्या आवाजाने खाल्ली, आणि भाषण किंवा मुलाखत ऐकताना त्यातला फरक कुणाला कळणारही नाही. संगीताची चांगली ध्वनिमुद्रणं असतील आणि कार्यक्रम तासाभराचा असेल तरच पीसीएम घ्यावं. एमपी-२ आवाजही चालतो, पण तो पालच्या (भारत-युरोपच्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्कपुरता; एनटीएससी (अमेरिका-जपानच्या पद्धतीच्या) डिस्कवर एसी-३ किंवा पीसीएम यांपैकी एक ट्रॅक असलाच पाहिजे.

दुसरी चूक तयार प्रीसेटवर विसंबण्याची. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमला नुसतं पाल डीव्हीडीचं टार्गेट सांगितलं तर तो चित्राला ६,००० आणि आवाजाला ४४८ किलोबिट धरतो. एकूण झाले ६,४४८. आपल्या सूत्राने ६ लाखांना त्याने भागा: ९३ मिनिटं. दोन तासांची फाइल त्या प्रीसेटवर टाकली तर ती मावणारच नाही, आणि हे कळतं एन्कोडिंगचे, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करून लिहिण्याचे, कित्येक तास गेल्यावर. टार्गेट वापरा, त्यात बाकीच्या अटी बरोबर लागतात, पण चित्राचा आणि आवाजाचा दर आपल्या हाताने लिहा.

एकाच डिस्कवर वेगवेगळ्या प्रकारचा माल असेल तर सूत्र उलट बाजूने वापरायचं. प्रत्येक तुकड्याची मिनिटं गुणिले त्याचा एकूण दर, आणि सगळ्यांची बेरीज ६ लाखांच्या आत. १०० मिनिटांचा मुख्य कार्यक्रम ४,८०० ने घेतला तर ४ लाख ८० हजार झाले. उरलेल्या १ लाख २० हजारांत ४० मिनिटांच्या मुलाखती ३,००० ने बसतात. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाला ३,००० पुरतात. धावणाऱ्या मुलांना पुरत नाहीत. ही वाटणी सॉफ्टवेअर आपणहून करत नाही, ते सगळ्यांना एकच दर लावतं.

तासाभराच्या किंवा त्याहून छोट्या कार्यक्रमाची गोष्ट वेगळी आहे. सूत्राने ६० मिनिटांना १०,००० येतात, पण डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत चित्राला ९,८०० आणि चित्र, आवाज, सबटायटल मिळून १०,०८० किलोबिट ही कमाल आहे. याचं कारण डिस्कच्या वेगात आहे. १ एक्स वेगाने फिरणारी डीव्हीडी सेकंदाला साधारण ११,०८० किलोबिट देते, आणि घरचा प्लेअर सिनेमा दाखवताना त्याच वेगाच्या भरवशावर असतो. छापील डिस्कपेक्षा बर्न केलेल्या डिस्कचा परावर्तित प्रकाश मंद असतो. एखादं सेक्टर वाचायला दुसरा प्रयत्न लागला की प्लेअरचा बफर, म्हणजे आगाऊ वाचून ठेवलेला साठा, रिकामा होतो आणि चित्र अडखळतं. म्हणून छोट्या कार्यक्रमालाही ८,००० च्या वर जाऊ नका. डिस्क थोडी रिकामी राहिली तर राहू द्या. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि स्वस्त डिस्कमध्ये चुका बाहेरच्या कडेलाच जास्त असतात, त्यामुळे कड मोकळी राहणं चांगलंच.

आता जीबीचा घोळ. विंडोज ज्याला जीबी म्हणतं ते १,०७,३७,४१,८२४ बाइटचं असतं, आणि डिस्क बनवणारे १०० कोटी बाइटचं धरतात. त्यामुळे ४.७ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४.३७ जीबी दिसते. फोल्डर ४.५ जीबीचं दिसतंय आणि डिस्क ४.७ ची आहे, म्हणजे मावेल, असं समजून बर्न करायला बसलं की जागा कमी असल्याचा निरोप येतो. बाइटचा पूर्ण आकडा बघायची सवय लावा. प्लस आर (डीव्हीडी+आर) डिस्कवर ४,७०,०३,७२,९९२ बाइट बसतात आणि मायनस आर (डीव्हीडी-आर) डिस्कवर ४,७०,७३,१९,८०८. फरक ७० लाख बाइटच्या आतला, ५ मेगाबिटने अकरा सेकंदांचा. पण मायनस आरवर काठोकाठ बसवलेली इमेज प्लस आरवर जात नाही, ती याच अकरा सेकंदांमुळे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आता येतो. रेझोल्यूशनचा वेळेशी काहीही संबंध नाही. ७२० बाय ५७६ असो की ३५२ बाय ५७६, दर ३,००० असेल तर डिस्क तेवढीच मिनिटं घेणार. मग रेझोल्यूशन कशासाठी कमी करायचं? मिळालेले बिट किती पिक्सेलांत वाटायचे हे ठरवण्यासाठी. ७२० बाय ५७६ चं चित्र २५ फ्रेमने चालतं तेव्हा सेकंदाला १ कोटी ३ लाख ६८ हजार पिक्सेल होतात. दोन तासांच्या ४,८०० दराने प्रत्येक पिक्सेलला ०.४६ बिट मिळतो, आणि एमपेग-२ साठी, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या कॉम्प्रेशनसाठी, हे समाधानकारक आहे. चार तासांच्या २,३०० दराने मिळतो ०.२२. इथे चित्र फुटतं. पण रुंदी निम्मी करून ३५२ बाय ५७६ केली तर तोच २,३०० चा दर प्रत्येक पिक्सेलला ०.४५ बिट देतो. चित्र थोडं मऊ होतं, पण ठोकळे जातात. डोळ्याला मऊपणा खपतो, ठोकळे खपत नाहीत.

म्हणून क्रम असा: आधी मिनिटं मोजायची, त्यातून दर काढायचा, आणि दर बघून रेझोल्यूशन निवडायचं. माझा ठोकताळा असा की ३,५०० च्या वर पूर्ण रुंदी ठेवावी, ३,००० च्या खाली निम्मी करावी. मधल्या पट्ट्यात मूळ चित्र बघून ठरवावं. १,८०० च्या खाली जायची वेळ आली तर ३५२ बाय २८८ उरतं, पण त्यात इंटरलेसिंगची (एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपण्याची) अर्धी हालचाल जाते. त्यापेक्षा दुसरी डिस्क घेतलेली बरी.

व्हीएचएस कॅसेटवरून उतरवत असाल तर निम्मी रुंदी हा काही तोडगा म्हणून घ्यायचा पर्याय नाही, तीच योग्य निवड आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील असतो. तो ७२० पिक्सेलांत पसरवला तर जास्तीच्या पिक्सेलांत फक्त कॅसेटची खरखर भरली जाते. आणि खरखर हीच बिटरेटची सगळ्यात मोठी शत्रू आहे. एन्कोडर आधीच्या फ्रेममध्ये काय होतं ते बघून फक्त बदल लिहितो. स्थिर भिंत असेल तर काहीच लिहावं लागत नाही. पण त्या भिंतीवर खरखर नाचत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक ठिपका बदललेला असतो, आणि एन्कोडर इमानाने तो सगळा कचरा लिहीत बसतो. चेहऱ्यासाठी बिट उरत नाहीत. हलका डीनॉइज फिल्टर लावला तर त्याच दरात चित्र कितीतरी स्वच्छ निघतं. जोरात लावू नका. चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

कॅसेटच्या चित्राच्या अगदी तळाशी काही ओळींची एक पट्टी सतत फडफडत असते. व्हीसीआरचं एक हेड सुटून दुसरं लागतं तिथला हा गोंधळ. जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली तो लपायचा, म्हणून कुणाच्या लक्षात यायचा नाही. एन्कोडरला मात्र तो दिसतो आणि प्रत्येक फ्रेमला महागात पडतो. तळाच्या १६ ओळी काळ्या करून टाका. बरोबर १६ घ्या, कारण एमपेग-२ चित्राचे १६ बाय १६ चे ठोकळे पाडून काम करतो. काळ्या पट्टीची आणि चित्राची सीमा ठोकळ्याच्या मधोमध आली तर ती धार टिकवायलाच बिट जातात.

दर कमी पडतोय हे ओळखायचं कसं? पात्रामागची साधी भिंत बघा. एमपेग-२ पालमध्ये जास्तीत जास्त १५ फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम नव्याने लिहितो, बहुतेकदा १२ नंतर. दर अपुरा असेल तर मधल्या फ्रेममध्ये भिंत हळूहळू पुसट होत जाते आणि नव्या पूर्ण फ्रेमला एकदम टवटवीत होते. दर अर्ध्या सेकंदाला भिंत श्वास घेतल्यासारखी दिसते. अक्षरांच्या कडांभोवती बारीक किडे वळवळल्यासारखे दिसणं ही दुसरी खूण. आणि एक दृश्य विरत दुसरं उमटतं ती जागा बघा: तिथे प्रत्येक ठिपक्याचा उजेड बदलत असतो, मागच्या फ्रेमचा काहीच उपयोग होत नाही, आणि ठोकळे सगळ्यात आधी तिथे उमटतात. लांब कार्यक्रम एका डिस्कवर बसवायचा असेल तर एडिटिंगमध्येच फेड कमी करा, सरळ कट ठेवा.

ठरावीक दर की बदलता दर, हा पुढचा प्रश्न. ठरावीक दराचा फायदा एकच, साइझ आधी कळते. पण त्यात स्थिर दृश्यालाही ४,००० आणि पळापळीलाही ४,०००. एका ठिकाणी उधळपट्टी, दुसरीकडे उपासमार. बदलत्या दरात सरासरी आपण देतो आणि वाटप एन्कोडर करतो. पण ते टू-पासनेच करा. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळा कार्यक्रम बघून कुठे किती लागेल ते मोजतो, दुसरीत त्या मापाने वाटतो. साइझ अगदी जवळ येते. एकाच फेरीत एन्कोडरला पुढे काय येणार ते माहीत नसतं, त्यामुळे साइझ हमखास चुकते. वर कमाल मर्यादा ८,००० घाला आणि बफर १,८३५ किलोबिटवर ठेवा. डीव्हीडीचा नियम तोच आहे. ६,००० च्या वर सरासरी असेल तर मात्र टू-पासला वेळ घालवू नका, फरक दिसत नाही.

टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये हाच हिशेब मोडच्या नावांमागे लपलेला असतो. एक्सपी किंवा एचक्यू म्हणजे एक तास, एसपी दोन तास, एलपी चार तास, ईपी सहा किंवा आठ तास. बरेच रेकॉर्डर एलपीला स्वतःच निम्म्या रुंदीवर उतरतात, काही पूर्ण रुंदी धरून ठेवतात आणि चित्र फोडतात. त्यामुळे नव्या मशिनवर आधी दहा मिनिटं पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर तपासून बघा. एसपी आणि एलपीच्या मध्ये काहीच नाही असं समजून अडीच तासांचा कार्यक्रम एलपीवर टाकू नका. एफआर नावाचा मोड असतो, त्यात मिनिटं सांगितली की मशिन डिस्क भरेल असा दर स्वतः काढतं. तो वापरताना पाच मिनिटं जास्त सांगा. शेवटी फाइनलाइज करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर डिस्क कोरीच दिसेल.

बाकीच्या डिस्कना सूत्रातला फक्त वरचा आकडा बदलतो. ८ सेंटिमीटरच्या छोट्या कॅमेरा डिस्कला, म्हणजे १.४ जीबीला, १ लाख ८० हजार. ८.५ जीबीच्या ड्युअल लेयर डीव्हीडीला १० लाख ८८ हजार. ५,००० च्या दराने साडेतीन तासांहून थोडं जास्त. ड्युअल लेयरमध्ये पहिला थर दुसऱ्यापेक्षा छोटा असून चालत नाही, आणि थर बदलायची जागा एखाद्या सेलच्या, म्हणजे व्हिडिओच्या तुकड्याच्या, सुरुवातीला पडावी लागते. म्हणून मधोमध किंवा थोडं पुढे, दृश्य बदलतं तिथे, एक चॅप्टर मुद्दाम ठेवा. २५ जीबीच्या ब्लू-रेला ३२ लाख; दोन तासांना २६,६०० किलोबिट मिळतात आणि एच.२६४ या नंतरच्या कॉम्प्रेशनला एवढे भरपूर आहेत. व्हीसीडीमध्ये मात्र काही ठरवायचंच नसतं. तिथे चित्राला १,१५० आणि आवाजाला २२४ हे आकडे नियमानेच पक्के आहेत, आणि ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटंच बसतात.

कॅमेऱ्याची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची असेल तर हेच सूत्र आशा आवरतं. मिनी डीव्ही टेपचा माल सेकंदाला ३६ लाख बाइट घेतो, तासाला जवळजवळ १३ जीबी. डीव्हीडीवर २१ मिनिटं. १७ मेगाबिटचं एव्हीसीएचडी (एचडी कॅमेऱ्यांचा फॉरमॅट) साधारण ३५ मिनिटं. आणि प्लेअर एमपी-४ वाचत असेल तर डेटा डिस्क करून एच.२६४ मध्ये २,००० अधिक १२८ च्या दराने त्याच डीव्हीडीवर पावणेपाच तासांच्या आसपास चांगलं चित्र बसतं. तिथे एकच खबरदारी घ्या: फाइल ४ जीबीच्या वर जात असेल तर डिस्क यूडीएफ या फाइल सिस्टिममध्ये लिहा किंवा फाइलचे दोन भाग करा.

बर्न करायचा वेग, म्हणजे ४ एक्स, ८ एक्स, १६ एक्स, याने मावणारी मिनिटं एका सेकंदानेही बदलत नाहीत. वेग फक्त लिहायला किती वेळ लागेल ते ठरवतो, आणि लिखाण किती स्वच्छ होईल ते. १६ एक्सच्या डिस्कला ८ एक्सने लिहिणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

एवढं करूनही फोल्डर मोठं झालं तर घाबरून दर अंदाजाने पाडू नका. समजा १५० मिनिटांचा कार्यक्रम ३,८०० अधिक १९२ ने केला आणि तो विंडोजमध्ये ४.५२ जीबी दिसतोय. हवेत ४.३३. आवाज तोच राहणार आहे, म्हणून गुणोत्तर एकूण दराला लावायचं: ३,९९२ गुणिले ४.३३ भागिले ४.५२, म्हणजे ३,८२४. त्यातून १९२ वजा केले की चित्राला ३,६३२. तो आकडा घालून पुन्हा एन्कोड करा. तयार डीव्हीडी आक्रसून देणारी सॉफ्टवेअर हेच काम वीस मिनिटांत करतात, पण ती चित्र नव्याने एन्कोड करत नाहीत, लिहिलेल्यातला तपशील छाटतात. एक-दोन टक्क्यांसाठी ठीक, त्यापुढे नको. आणि जास्तीची साइझ कशाने झाली ते आधी बघा: बहुतेक वेळा एखाद्या तुकड्याचा आवाज पीसीएम राहून गेलेला असतो, आणि चित्राला हात लावायची गरजच पडत नाही.